घाट बंद पडतो तेव्हा

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीने औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, महामार्ग ठप्प झाला आणि घाटाखाली चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी वस्तीत शिरले. आपल्या तालुक्यातील नागदसारखी गावे घाटाच्या पायथ्याशी आहेत. तेथील रुग्णास कन्नडला यायचे तर घाट चढणे आले, आणि कन्नडहून जिल्ह्याचे मोठे रुग्णालय आणखी सुमारे ६० किलोमीटर. अशा दिवशी गावातील वैद्य व औषधालय हेच रुग्णाचे पहिले आणि काही काळ एकमेव आश्रयस्थान ठरते. या प्रसंगाची आपली तयारी किती, हा प्रश्न मी येथे मांडू इच्छितो. आपल्या अधिकारांच्या वादावर संघटनेच्या व्यासपीठावर पुष्कळ शाई खर्ची पडली. या प्रश्नाच्या वाट्याला त्यातील चार थेंबही आले नाहीत.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत, ऐन पावसाळ्यात, वखराची पास लागून पाऊल खोल चिरलेला एक शेतकरी माझ्याकडे आला. रक्त थांबविले, जात्यादी तेलाचा पिचू ठेवून पट्टी बांधली आणि समाधानाने घरी पाठविले. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, पू झाला, ज्वर चढला. पुढे शासकीय रुग्णालयात पाय वाचला, ते त्याचे व माझेही नशीब. तेल चुकीचे नव्हते. क्रम चुकला होता. शोधनाआधी रोपण करू नये हे आपण पहिल्या इयत्तेतच शिकतो. सुश्रुताचार्यांनी छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सद्योव्रणाचे सहा प्रकार सांगितले आणि व्रणाचे साठ उपक्रम वर्णिले. मी सर्वांत सोपा भाग, म्हणजे प्रक्षालन, घाईत उरकला होता. उकळून गार केलेल्या भरपूर पाण्याने, चिखलाचा कण न् कण निघेपर्यंत जखम धुणे, हीच वैद्यकीय मदत दूर असतानाची सर्वांत मोठी चिकित्सा होय. मळलेली खोल जखम टाके घालून बंद करू नये. कुत्रा चावला असेल तर साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे. तिखट, चुना, हळद काहीही भरू नये, आणि रस्ता खुला होताच लस टोचून घ्यावी.

धनुर्वाताची तयारी मात्र जखम झाल्यावर करता येत नाही. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि वादळात वीज दोन-दोन दिवस जाते. म्हणून शेतकरी व शेतमजूर यांचे धनुर्वाताचे लसीकरण मृगापूर्वीच पूर्ण करून घेण्याची खटपट आपण करावयास हवी. हे काम उपकेंद्राचे आहे खरे, परंतु रुग्णाचा विश्वास आपल्यावर असतो.

सर्पदंशाविषयी लिहिताना काही ज्येष्ठ बंधूंचा रोष ओढवेल, याची जाणीव आहे. अगदतंत्रात अरिष्टाबंधन, छेदन व चूषण सांगितले आहे. पण आचार्यांच्या काळी प्रतिविष लस नव्हती. आज ती आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर ती चालते. घट्ट आवळलेल्या दोरीने अवयव काळा पडतो आणि चिरा दिल्याने, विशेषतः घोणस व फुरशाच्या दंशात, रक्त थांबेनासे होते. फळी बांधून अवयव स्थिर ठेवावा, रुग्णास चालू देऊ नये, झोळीत घालून न्यावे. वैद्याने येथे स्वतःच्या औषधाचा मोह आवरावा.

आता औषधालयांविषयी. पूर ओसरला की अतिसार येतो. कुटजघनवटी बहुतेकांकडे असते, पण कित्येकांकडे जलसंजीवनीची पाकिटे नसतात. अतिसारात बालक दगावते ते शरीरातील पाणी व क्षार आटल्याने. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. कुटज अवश्य द्यावा, पण पाण्याबरोबर. प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या कापून देण्याची प्रथा मात्र बंद व्हावी. ती विकणारे आपलेच मित्र आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

पुराच्या पाण्यातून अनवाणी चाललेल्यास काही दिवसांनी ज्वर, पोटऱ्यांत वेदना, डोळ्यांत लाली दिसली तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी आणि सामान्य विषमज्वर समजून काढे देत बसू नये. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने हा अनुभव घेतला आहे.

मेअखेरीस प्रत्येक सभासदाने आपली पेटी उघडून मुदत संपलेली औषधे काढावीत. गॉज, बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या व चार फळ्या भरून ठेवाव्यात. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर जीप असलेल्या दोघांची, झोळी उचलू शकणाऱ्या सहा तरुणांची नावे आणि प्रतिविष लस कोठे मिळते ते लिहिले आहे. दर मे महिन्यात तो कागद नव्याने लिहावा लागतो, कारण जीप विकल्या जातात आणि तरुण पुण्याला जातात.