हजेरीपटावर नाव आहे, पण शिकवायला कोण? दिव्यांग मुलांच्या हक्काचं गाडं अडलंय कुठं

जून महिन्यात गावोगावी दोन कामांची घाई असते. शेतात पेरणी आणि शाळेत पोरांची नावं घालणं. पण ज्या घरात पोराला ऐकू येत नाही, नीट चालता येत नाही किंवा समज कमी आहे, तिथं दुसरं काम मागं पडतं. कधी घरचेच म्हणतात, "शाळेत जाऊन काय करणार हा?" कधी शाळेतून उत्तर मिळतं, "आमच्याकडं सोय नाही, जिल्ह्याच्या शाळेत बघा."

शाळेचं हे उत्तर कायद्यात बसत नाही. ६ ते १४ वयाच्या कुठल्याही मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं गावातल्या शाळेत प्रवेश मिळतो, मग तो दिव्यांग असो वा नसो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ याच्याही पुढं जातो. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. ज्याचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, त्याला कलम ३१ नुसार ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे इतर पोरांपेक्षा चार वर्षं जास्त. जवळची साधी शाळा घ्यायची की विशेष शाळा, हे मूल आणि पालक ठरवतात. अतितीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी शिकण्याचा पर्याय आहे, पण तोही पालकांनी निवडायचा. शाळेनं "घरीच ठेवा" म्हणून गळ्यात मारायचा नाही.

खरी अडचण प्रवेशानंतरची

बऱ्याच शाळा नाव घालून घेतात. पोरगं मागच्या पट्टीवर बसतं, खिचडी खातं, घरी येतं. दरवर्षी वरच्या वर्गात जातं, पण अक्षरओळख होत नाही. दोनशिक्षकी शाळेत चार-चार वर्ग सांभाळून, वर ऑनलाइन माहिती भरणाऱ्या गुरुजींना एकट्याला खुणांची भाषा किंवा ब्रेल शिकवणं जमणार तरी कसं? त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला विशेष शिक्षक लागतो.

सुप्रीम कोर्टानं २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात यावर बोट ठेवलं. साध्या शाळांत प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक, असं प्रमाण कोर्टानं सांगितलं. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरती सोय म्हणून एका शिक्षकानं आसपासच्या शाळांत फिरून शिकवावं, अशी सूट दिली. राज्यं हललीच नाहीत म्हणून मार्च २०२५ मध्ये कोर्टाला पुन्हा बजवावं लागलं की, लागणारी पदं तीन आठवड्यांत जाहीर करा.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये केंद्रामागे एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. अनेक वर्षं कंत्राटावर राबणाऱ्यांसाठी हा निर्णय मोठा आहे. पण हिशेब गावाच्या बाजूनं करून बघा. एका केंद्रात दहा शाळा धरल्या तर आठवड्यातून एकदासुद्धा प्रत्येक शाळेत जाणं त्या शिक्षकाला शक्य नाही. कोर्टानं मुलं मोजायला सांगितली, सरकारनं केंद्रं मोजली. जी सोय तात्पुरती होती, तीच कायमची होऊ पाहतेय.

पालकांच्या हातात काय?

पहिली गोष्ट, तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांना साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात मुलाला काय लागतं ते लिहा: विशेष शिक्षक, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, ब्रेल पुस्तकं, रॅम्प. १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत देण्याची तरतूद कायद्यात आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच जपून ठेवा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता, असं उद्या म्हणतील.

दुसरी, दिव्यांग प्रमाणपत्र. ते नाही म्हणून ६ ते १४ वयाच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. पण पुढच्या सवलतींसाठी ते लागतंच. दहावी-बारावीला तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, एसटीत सवलत हे सगळं त्यावर चालतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करून सरकारी दवाखान्यात तपासणीला जावं लागतं. मजुरी बुडते, हेलपाटा पडतो हे खरं. तपासणीचा वार आधी फोनवर विचारून निघालं तर एक चक्कर वाचते.

तिसरी, गावातलीच ताकद वापरा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यात दिव्यांग मुलांच्या पालकांनाही जागा मिळायला हवी. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. यंदा ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारता येतं.

एवढं करूनही कोणी ऐकलं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या. अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. त्यावर बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील करता येतं. दिव्यांग कायदा मोडला असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडंही जाता येतं.

विशेष शिक्षकांची पदं मागायची तर तालुक्याला आधी मुलांचा आकडा लागतो. घरात बसलेलं मूल त्या आकड्यात येत नाही. आपल्या गल्लीत असं मूल असेल, तर या आठवड्यात त्याचं नाव शाळेत गेलं पाहिजे.