शेत वारशाने मिळते, बक्षीस म्हणून नाही



हिमायतनगर, नारायणगुडा, काचीगुडा या भागांतल्या अनेक मराठी घरांचे चित्र आज सारखेच आहे. आजोबांचे शेत मराठवाड्यात, वडिलांचा फ्लॅट हैदराबादेत आणि मुलाचा पासपोर्ट अमेरिकेचा.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. इथे राहिलेल्या आपल्या वाडवडिलांचे घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात अशी अवस्था झाली. तरी मालकीला धक्का लागला नाही, कारण दोन्हीकडे ते भारताचेच नागरिक होते. आता मधली रेषा देशाची आहे आणि तिचे नियम वेगळे आहेत.

मी बँकेत कारकून आहे. परकीय चलनाचे नियम रोज हाताखालून जातात म्हणून लोक विचारायला येतात. असेच एक ज्येष्ठ गृहस्थ आले. चार एकर शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचे, म्हणजे पुढे कटकट नको, असा त्यांचा विचार. मुलगा अमेरिकन नागरिक, पण त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. हे चालणार नाही म्हटल्यावर ते चिडलेच. "शेत माझे, मुलगा माझा, मध्ये सरकार कुठून आले?"

प्रश्न रास्त आहे, म्हणूनच त्याचे उत्तर सर्वांनी समजून घ्यावे. ओसीआयच्या नावात 'नागरिक' हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही, तसा शेतजमीन घेण्याचाही मिळत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे 'फेमा', आणि त्याखालचे 2019 चे नियम यांनुसार ओसीआयधारकाला भारतात घर, फ्लॅट, दुकान विकत घेता येते, नातेवाइकाकडून बक्षीसही घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशात स्थायिक झालेल्यालाही हाच नियम आहे. वाट एकच, वारसा. इथे राहणाऱ्या वडिलांच्या पश्चात तेच शेत मुलाकडे कायदेशीरपणे येते. पुढे विकायचे तर भारतात राहणाऱ्यालाच विकावे लागते. म्हणजे आज केलेले बक्षीसपत्र नियमाचा भंग ठरते आणि मृत्युपत्राने दिलेले तेच शेत चालते. फेमाखाली दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

कागद जुना झाला म्हणजे पक्का झाला, असेही समजू नये. बेंगळुरूतील मालमत्तेचा काही भाग एका परदेशी नागरिक महिलेने रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय 1977 साली बक्षीस दिला होता. तेव्हाच्या 'फेरा' कायद्यात अशी परवानगी सक्तीची होती. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीस बेकायदा ठरवले. 44 वर्षांनी!

हा नियम अन्यायाचा आहे का? आमच्या मते नाही. गोव्यात पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी लोकांनी किनाऱ्यालगतची घरे-जमिनी घेतल्या तेव्हा स्थानिकांनी आवाज उठवला, चौकश्या झाल्या. पर्यटकाला इथे मालमत्ता घेता येत नाही, असा खुलासा 2009 साली केंद्र सरकारला करावा लागला. पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने राहायला मात्र परदेशी माणसाला मनाई नाही. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी घातली. कॅलिफोर्नियात 1913 च्या कायद्याने आशियाई शेतकऱ्यांना जमिनीची मालकी नाकारली आणि त्याची झळ तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनाही बसली. तो कायदा वंशभेदाचा होता, आपला तसा नाही. आपला नियम एवढेच सांगतो की शेत हे इथे राहणाऱ्याकडे राहावे. ज्याने मराठवाड्यात जमिनीचे भाव फुगताना आणि कसणारा बाजूला पडताना पाहिला आहे, त्याला हे पटेल.

आमची तक्रार वेगळी आहे. परदेशस्थ भारतीयांचे सोहळे थाटात होतात, पण हा साधा नियम तालुक्याच्या गावी मराठीत कुठे लावलेला दिसत नाही. दस्त लिहिणारा लिहून देतो, शिक्के बसतात आणि चूक उघड होते ती वडील गेल्यानंतर. प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात हे नियम मराठीत, आणि तेलंगणात तेलुगूत व उर्दूत, फलकावर लावावेत, अशी मागणी आपल्या मंडळाने दोन्ही राज्य सरकारांकडे लेखी करावी, असे आम्ही सुचवतो.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे. सातबारा काढून नावे तपासा. मृत्युपत्र करा, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली समान वारस ठरतात, मग त्या नागपूरला असोत की न्यू जर्सीला. मुलीचे नाव गाळून नंतर हक्कसोड मागण्याची रीत आता तरी सोडा. मुलाने परदेशातून मुखत्यारपत्र पाठवले तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. विक्रीचे पैसे बाहेर न्यायचे तर एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण कर भरल्याचे आणि वारसा मिळाल्याचे कागद लागतात. ते आजच एका फायलीत लावून ठेवा.

ते गृहस्थ बक्षीसपत्राचा मसुदा तसाच घेऊन घरी गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले ते मृत्युपत्राचे विचारायला. बरोबर मुलगीही होती.