खोपटात पाणी आलं कुठून?

मुलांनो, तुमच्या शाळेत परसबाग आहे का? आमच्या कोकणातल्या शाळेत आहे, आणि तिच्या कोपऱ्यात एक लाकडी खोपटंही आहे. जुन्या बाकांच्या फळ्या, वर नालीदार पत्रा, बस्स. आत कुदळ, विळे, झारी, दोरीची भेंडोळी आणि बियांची पेटी.

त्या पेटीचीच ही गोष्ट. चौथीतल्या एका मुलीच्या आजीने आम्हाला पडवळाच्या बिया दिल्या होत्या. बाजारातल्या नव्हेत हं! दरवर्षी मांडवावरचं एक पडवळ बीसाठी राखायचं, बिया वाळवायच्या, राखेत घोळायच्या, असं करत त्यांनी जपलेलं घरचं बियाणं. मी ते पुडीत बांधून पेटीत ठेवलं आणि पेटी खोपटात, जमिनीवर. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास आणि शाळा उघडते त्यानंतर आठवड्याने. मधल्या दिवसांत पाऊस कोसळला, पाहायला कुणी नाही. शाळा उघडल्यावर पेटी उघडली, तर पुडी ओलीचिंब आणि बियांवर पांढरी बुरशी.

आजींना सांगायला मीच गेले. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बाई, पाणी कुठनं आलं ते बघितलंत काय?"

मी म्हटलं, "छप्पर गळतं."

"बघितलंत काय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

खरं सांगू का? मी बघितलं नव्हतं. ओल दिसली की आपण वर बोट दाखवतो, तसंच मीही केलं. त्या पावसाळ्यात मी काय करावं? आतून सगळ्या फटींना प्लास्टिकचा कागद ठोकला. झालं उलटंच! आत कोंदट वास सुटला आणि फळ्या आणखी काळ्या पडल्या. आत आलेलं पाणी बाहेर जायची वाटच मी बंद केली होती. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर लाकूड कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. पण त्यासाठी लाकडाला वारा लागायला हवा ना?

यंदा एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही नीट शोध घ्यायचं ठरवलं. कडक उन्हात पाऊस कुठून आणायचा? झारीने! दोन मुलं खडू घेऊन आत बसली, बाकीची बाहेर पाणी घालणार. यात एक युक्ती आहे. पाणी घालायचं ते आधी पायथ्याशी, मग फळ्यांवर, आणि सगळ्यात शेवटी छपरावर. आधीच छपरावर ओतलं तर ओघळ खालपर्यंत येतात आणि नक्की कुठून शिरलं तेच कळत नाही.

पायथ्याशी जेमतेम दोन झाऱ्या झाल्या आणि आतून आरोळी आली, "बाई, आलं!" छपरावर अजून थेंबही पडला नव्हता!

फळ्यांची टोकं थेट मातीत टेकली होती. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक बारीक नळ्या असतात. झाड कापून फळी केली तरी त्या राहतात, आणि फळीचं टोक म्हणजे त्यांची उघडी तोंडं. पाहायचंय? बशीत थोडी शाई घ्या आणि त्यात खडू उभा करा. शाई आपोआप वर चढेल. आमच्या फळ्याही अशाच पाणी पीत होत्या. शिवाय पागोळ्या पडून चिखल उडत होता तो वेगळाच.

आता पागोळ्यांचा हिशेब बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर २ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर. कोकणात दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नव्हे. तेवढ्यात छपरावरून उतरलं ६०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ४० बादल्या! आणि त्या सगळ्या फळ्यांच्या पायाशीच ओतल्या जात होत्या, कारण पत्रा भिंतीच्या पुढे आलाच नव्हता. चहा हळू ओतला की कपाच्या बुडाकडे ओघळतो ना? तसंच पाणी पत्र्याच्या कडेला चिकटून आत वळत होतं.

छप्परही अगदी निर्दोष नव्हतं म्हणा. खिळे पत्र्याच्या खोलगट नाळीत मारलेले होते, जिथून पाणी वाहतं नेमकं तिथेच! ते उंचवट्यावर हवेत, खाली रबरी वायसर घालून.

एका विद्यार्थ्याचे बाबा सुतार आहेत. त्यांनी फळ्यांची कुजलेली टोकं चार बोटं कापली आणि खोपटं जांभ्याच्या चिऱ्यांवर उचलून ठेवलं. चिराही पाणी शोषतो, म्हणून मध्ये डांबरी कागद. पत्रा वीतभर पुढे काढला आणि पागोळ्या पडतात तिथे आम्ही खडी पसरली. फळ्यांच्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं, तेही सुतारकाकांनीच. ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, तेव्हा मुलांनी दूरच राहायचं. पश्चिमेकडून झड येते, म्हणून त्या बाजूला नारळाच्या चुडतांचा झाप बांधला. माझं प्लास्टिक मात्र सगळं काढून टाकलं, आणि पूर्वेला छपराखाली चार बोटं फट मुद्दाम मोकळी ठेवली, जाळी लावून.

सुट्टी लागायच्या आधी आजी स्वतः आल्या. वाकून खोपटाखालून हात फिरवला, फटीतून आत डोकावल्या आणि कमरेची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. पेटी आता जमिनीवर नाही, फळीवर असते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. पुडीचा कागद कुरकुरीत वाजला!

पडवळाचे वेल आता मांडवावर चढलेत. परवा आजींना सांगायला गेले, तर हसून म्हणाल्या, "अर्ध्याच दिल्या होत्या हो, बाई. अर्ध्या ह्या वर्षी घरीच ठेवल्या."