हिरवं बटण

परवा टीममधल्या एका नवीन मुलाला मी सहज विचारलं, "हे रनचं हिरवं बटण दाबल्यावर नक्की काय होतं रे?" तो म्हणाला, "काय होतं म्हणजे? प्रोग्राम रन होतो!" सगळे हसले, मीही हसलो. पण मनात थोडं चरकलं. कारण काही वर्षांपूर्वी एका रात्री हाच प्रश्न मला एका क्लायंटच्या सर्व्हरने विचारला होता, आणि माझं उत्तरही तेच होतं.

झालं असं की, क्लायंटकडे बसून एका ओळीचा बदल करून द्यायचा होता. सोर्स कोड होता, मशीनवर जावा होतं. नव्हतं ते फक्त हिरवं बटण. समोर काळी खिडकी आणि लुकलुकणारा कर्सर. क्लासपाथ म्हणजे काय हे मला मुलाखतीत सांगण्यापुरतं माहीत होतं. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या तिथे पडल्या होत्या आणि जावा त्यातली आधी सापडेल ती उचलत होतं. माझ्या लॅपटॉपवर हा क्रम आयडीई गुपचूप लावून द्यायचं, मी कधी बघितलाच नव्हता. पहाटेचे चार वाजले. सकाळी त्यांची काउंटर्स दोन तास बंद राहिली, आणि रांगेतल्या लोकांचे चेहरे मी काचेतून बघत होतो. ते काही मी विसरलेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा बाबा "आमच्या वेळी असं नव्हतं" सुरू करणार. नाही हो! आमच्या वेळीही असंच होतं. इंजिनिअरिंगला आम्ही सी शिकलो ते टर्बोच्या निळ्या स्क्रीनवर. ऑल्ट-एफ९ दाबलं की कंपाइल, कंट्रोल-एफ९ दाबलं की रन. तेही आयडीईच होतं की! जर्नलमधल्या प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात क्लिअर-स्क्रीनने आणि शेवट गेट-सीएचने. हे दोन्ही ज्या कोनिओ हेडरमधून येतात तो सी भाषेच्या स्टँडर्डचा भागच नाही, हे कळायला मला नोकरी लागावी लागली. लिनक्सवर जीसीसीने तो हेडर सापडत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मला वाटलं जीसीसीच बिघडलंय. म्हणजे बघा, मी शिकलो होतो टर्बो, आणि समजत होतो की मला सी येतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. अवजार वाईट नसतं, अवजारालाच विद्या समजणं वाईट.

खरा प्रोग्रामर म्हणे व्हीआयमध्येच कोड लिहितो, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. १९८३ साली बोर्लंडने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला बाजारात आणलं तेव्हा एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्राममध्ये मिळणं ही केवढी चैन होती! २००१ साली आयबीएमने एक्लिप्स ओपन सोर्स केलं आणि चांगलं आयडीई फुकटात आमच्या टेबलावर आलं. पन्नास फाइल्समध्ये पसरलेल्या मेथडचं नाव एका झटक्यात बदलता येतं, डीबगर लावून चालू प्रोग्राम मध्येच थांबवता येतो. हे सोडून हाताने शोधत बसायला मी काही संन्यासी नाही.

फ्रेमवर्कचंही तसंच. स्प्रिंग घ्या. २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि जावावाल्यांचं आयुष्य खरंच सुखाचं झालं. मेथडच्या डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' लिहा, की एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, दोन्ही होणार नाहीतर काहीच नाही. पण हे होतं कसं? स्प्रिंग तुमच्या ऑब्जेक्टच्या पुढे एक प्रॉक्सी उभा करतं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनच म्हणा ना. बाहेरून येणाऱ्याची तो रजिस्टरमध्ये नोंद करतो, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू करतो. पण घरातल्या घरात तुम्ही हॉलमधून किचनमध्ये गेलात, तर वॉचमनला काय कळणार? तसंच, एका क्लासमधल्या साध्या मेथडने त्याच क्लासमधली 'ट्रान्झॅक्शनल' मेथड थेट बोलावली, तर स्प्रिंगच्या नेहमीच्या पद्धतीत ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. एरर नाही, काही नाही. सगळं हिरवंगार. पैसे वजा झाले आणि जमा होण्याआधी काही फाटलं, तर ते तसेच अधांतरी. ज्याला वॉचमन माहीत आहे त्याला ही चूक दहा मिनिटांत सापडते. ज्याला फक्त अ‍ॅनोटेशन माहीत आहे तो दोन दिवस डोकं धरून बसतो.

आणि ही फ्रेमवर्क्स काही अमरपट्टा घेऊन येत नाहीत. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ च्या आयडीईचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला. २००७ चं सिल्व्हरलाइट २०२१ मध्ये संपलं. गूगलच्या अँग्युलरजेएसचा सपोर्टही २०२१ च्या अखेरीस बंद झाला. आपली नोकरी चालते तीस-पस्तीस वर्षं, आणि आपण रेझ्युमेमध्ये ठळक अक्षरात लिहितो ती नावं टिकतात दहा-पंधरा. एचटीटीपी, एसक्यूएल, मेमरी, थ्रेड्स ही मंडळी मात्र तिथेच आहेत. आता तर अख्खी मेथड एआय लिहून देतं. म्हणजे आणखी एक हिरवं बटण. ते जरूर दाबावं, पण त्याने लिहिलेलं चुकलं तर ओळखणार कोण?

म्हणून माझा एक साधा सल्ला. आपण ज्या थरावर काम करतो, त्याच्या खालचा एक थर तरी नीट माहीत असू द्यावा. सगळे नकोत, ट्रान्झिस्टरपर्यंत जायची गरज नाही. फक्त एक. एखाद्या शनिवारी दोन तास काढा, आयडीई बंद करा, साध्या एडिटरमध्ये छोटासा प्रोग्राम लिहा आणि काळ्या खिडकीतून स्वतः कंपाइल करून चालवा.

त्या मुलालाही हेच सांगितलं होतं. सोमवारी चहाच्या वेळी तो स्वतःहून माझ्याकडे आला. म्हणाला, "मेन मेथडमध्ये ते स्ट्रिंगचं अ‍ॅरे असतं ना, चार वर्षं मी ते नुसतं पाठ करून लिहीत होतो. कमांडच्या पुढे आपण जे टाईप करतो ते त्यात येतं होय!"

चार वर्षं! असो. उशिरा का होईना, त्याला रांगेतल्या लोकांचे चेहरे न बघता कळलं.