जोडणी तुटली, बिल तुटेना

ताथवड्यातील भाडेकरू घर बदलतो, तेव्हा ब्रॉडबँड कंपनीही पुष्कळदा बदलावी लागते. जुनी जोडणी बंद केली, मोडेम परत दिला, तरी कित्येकदा बिलाचा तगादा थांबत नाही. सोडून जाण्याची किंमत कंपनीच ठरवणार असेल, तर ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य कागदीच होय. दूरसंचार नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारी सोडवीत नाही. मात्र दूरसंचार सेवेच्या तंट्यांना ग्राहक आयोगाचे दार खुले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दिला. तरीही चारपाचशे रुपयांसाठी एकटा नोकरदार कामाचा दिवस बुडवीत नाही. कंपन्यांचे फावते ते इथेच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा समान तक्रार असलेल्यांना आयोगाच्या अनुमतीने एकत्र दाद मागू देतो. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून मोडेमच्या पोचपावत्या गोळा करून अशी संयुक्त तक्रार उभी करावी.