पैलवानाचे घर आणि गावाचे ऋण

पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरली की मुरबाड तालुक्यातले म्हसे गाव माणसांनी आणि बैलांनी फुलून जाते. तेथून पुढे वैशाखापर्यंत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत गावोगावच्या जत्रांचा हंगाम चालतो. पालखी, भजन, बाजार हे सारे असतेच. पण दुपार कलली की लहानथोरांची पावले आखाड्याकडे वळतात. आधी चिमुरड्यांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती. एखादा तरुण लांग कसून उतरतो तेव्हा निवेदक अभिमानाने सांगतो, याचा आजा पैलवान, बाप पैलवान, हा तिसऱ्या पिढीचा! टाळ्या कडाडतात, फेटा बांधला जातो, धूळ खाली बसते आणि गाव घरी जाते.

गाव घरी गेल्यानंतर त्या तिसऱ्या पिढीचे काय होते, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

पैलवानकी हा वर्षभराचा यज्ञ आहे. पहाटेचे जोर-बैठका, संध्याकाळची लढत, आणि या दोहोंना पुरून उरेल असा खुराक. दूध, तूप, बदाम, फळे यांचे आजचे भाव गृहिणीला वेगळे सांगायला नकोत. जत्रांचा हंगाम मात्र जेमतेम चार-पाच महिन्यांचा. त्यात एखादा खांदा निखळला, गुडघा दुखावला तर वर्षच वाया. आजोबांच्या काळी गोठ्यात म्हैस होती, घरची भातशेती होती आणि दारावरून जाणाऱ्या पैलवानाला हाक मारून दुधाचा तांब्या पुढे करणारे शेजारी होते. त्यामुळे इनाम ही वरकड मिळकत होती. नातवाला मात्र तेच इनाम संसाराच्या हिशेबात धरावे लागते आणि तो हिशेब कधीच जुळत नाही. मग सकाळी कसाऱ्याची लोकल किंवा कारखान्याची पाळी, आणि संध्याकाळी उरलेच त्राण तर आखाडा. पिढ्यांचा वारसा संपतो तो असा. कुणी पराभूत करीत नाही, तो उपाशी राहून संपतो.

कराडजवळही एक शहापूर आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक तेथला. ठाण्याच्या शहापूरकरांनी त्याच कराड तालुक्यातल्या गोळेश्वर गावाची कथा मुद्दाम समजून घ्यावी, कारण महाराष्ट्रातल्या पैलवान घराण्यांचे सारे वैभव आणि सारे दुःख तिच्यात एकवटले आहे. गोळेश्वरचे दादासाहेब जाधव पंचक्रोशीत नावाजलेले मल्ल. त्यांच्या पाच मुलांतला धाकटा खाशाबा. कुस्तीचे पहिले धडे त्याने वडिलांच्याच हाताखाली गिरविले. घरातल्या या पोराने २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली.

हे पदक एकट्या जाधवांच्या घराने मिळविले काय? वडिलांनी अंगात कुस्ती भिनवली हे खरे. पण १९४८ साली लंडनला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तेथे मातीवर वाढलेल्या या मल्लाला गादीवरच्या कुस्तीचा सराव नव्हता. तरी तो सहावा आला. हेलसिंकीच्या वेळी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विजयी खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याहून मोलाची गोष्ट नंतर घडली. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले आणि त्या पैशातून आपल्या गुरुजींचे घर सोडवून दिले. ज्या समाजाने खांद्यावर घेतले, त्याचे ऋण मल्लाने मातीत उतरून फेडले. समाज आणि पैलवान यांच्यातला हा व्यवहार किती निर्मळ होता!

दुर्दैवाने शासनाने आणि आपण सर्वांनी आपली बाजू तितक्या निर्मळपणे पाळली नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. गोळेश्वरला कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा झाली, वर्षे लोटली, आणि २०१७ साली त्यांच्या चिरंजीवांवर ते ऐतिहासिक पदक लिलावात काढण्याची भाषा करण्याची वेळ आली. तीही स्वतःसाठी नव्हे, त्या रखडलेल्या संकुलासाठी. पुढे २०२३ मध्ये राज्य शासनाने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून घोषित केला. हे उचितच झाले. पण ज्या घराण्याच्या पहिल्या पिढीने कुस्ती दिली, दुसऱ्या पिढीने पदक दिले, त्याच्या तिसऱ्या पिढीच्या हाती आपण अर्जांची भेंडोळी द्यावीत, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

वारसा घरात जन्मतो, पण त्याचे पोषण समाज करतो, हे राजर्षी शाहू महाराजांनी पुरते ओळखले होते. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या या राजाने कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. १९१२ साली ते खुले झाले. तालमींना आश्रय दिला, देशभरचे मल्ल बोलाविले, त्यांच्या खुराकाची सोय केली. जातीपंथाच्या भिंती आखाड्याच्या मातीत आपोआप ढासळल्या, कारण पाठ टेकली की टेकली, तेथे वंशावळ कामाला येत नाही. संस्थाने विलीन झाली आणि हा राजाश्रय संपला. तेव्हा स्वतः मल्ल असलेल्या मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन करून लोकाश्रयाची घडी बसविली. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ किताब सुरू झाला. विजेत्याला मिळणारी चांदीची गदा मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंब देत आले आहे. पैलवान घराण्याचा वारसा असाही चालविता येतो. दर पिढीने लढलेच पाहिजे असे नाही. पण लढणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे तर प्रत्येक पिढीला शक्य आहे.

यावर कुणी म्हणेल, कोल्हापूर-सांगलीची गोष्ट वेगळी. तेथे पाणी आहे, ऊस आहे, दूध आहे, शंभर वर्षांच्या तालमी आहेत. आमच्या डोंगराळ तालुक्यांत ते कसे जमावे? याचे उत्तर बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याने दिले आहे. दुष्काळाने गांजलेल्या या भागातले बाळासाहेब आवारे हे पैलवान. त्यांनी आपल्या मुलांना कुस्तीत घातले. पण केवळ घरच्या शिकवणीवर विसंबून न राहता राहुलला पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाती सोपविले. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारे बिराजदार वस्ताद स्वतः लातूर जिल्ह्यातले. २०११ साली ते गेले. त्यानंतर काका पवारांनी राहुलला पुढे नेले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुल आवारेने सुवर्णपदक जिंकले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक. बापाने मोह आवरून मुलाला योग्य गुरूच्या ओटीत घातले, म्हणून घराण्याचा वारसा देशाचा झाला.

हा वारसा आता मुलींनीही उचलला आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारी साक्षी मलिक ही एका पैलवानाची नात. महाराष्ट्रात २०२३ साली महिला महाराष्ट्र केसरीचा पहिला मान सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने पटकाविला. ‘आमच्या घरात आता कुस्ती संपली, मुलगा नाही’ असे म्हणणाऱ्या जुन्या मल्लांनी अंगणात खेळणाऱ्या आपल्या नातीकडे एकदा नीट पाहावे.

२०१४ साली पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण चेहरा मुख्यत्वे या दोन तालुक्यांतच उरला. भातसा, तानसा, मोडकसागर यांचे पाणी येथून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात येथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. जमिनींचे व्यवहार होत आहेत, महामार्ग आले, घरकुलांच्या वसाहती आल्या. अशा काळात पिळदार देहाच्या, रिकाम्या हाताच्या तरुणाला पहिली हाक कुणाची येते? जमीन रिकामी करून घेणाऱ्याची, निवडणुकीत धाक दाखवू पाहणाऱ्याची. ज्या बळाला वस्ताद नाही, त्याला धनी मिळतो. तीन पिढ्यांनी लंगोटाच्या शुचितेने जपलेले सामर्थ्य असे भाड्याने जाणे, ही त्या घराचीच नव्हे, आपली सर्वांची हानी आहे. आखाड्यात बळासोबत नियम शिकविला जातो. पडलेल्यास हात देऊन उठविणे, पंचाचा निर्णय शिरोधार्य मानणे, मोठ्यांच्या पाया पडून मातीत उतरणे, हे संस्कार आहेत. आणि बलोपासनेतून संस्कार वजा केला तर मागे नुसती गुंडगिरी राहते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि सुस्थितीतील कुटुंबांनी काही ठोस गोष्टी मनावर घ्याव्यात. जत्रेच्या समित्यांनी ध्वनिवर्धकांच्या भिंतींवर, स्वागताच्या फलकांवर होणारा खर्च कमी करून त्यातला एक वाटा वर्षभराच्या खुराकासाठी राखून ठेवावा. पाच-दहा गावांनी मिळून एक तालीम चालवावी. तेथे मातीचा हौदा असावा तशी गादीही असावी, कारण ऑलिंपिकसारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आज गादीवरच होतात आणि खाशाबांना लंडनमध्ये नडलेली उणीव इतक्या वर्षांनी आपल्या मुलांना नडू नये. एका कुटुंबाने एका मुलाच्या किंवा मुलीच्या दुधाची जबाबदारी घ्यावी. शिक्षकांनी त्यांची शाळा सुटणार नाही हे पाहावे, म्हणजे उद्या खेळाडूंसाठी राखीव असलेली नोकरी त्यांच्या आवाक्यात राहील. आणि थकलेल्या वस्तादांना केवळ जत्रेच्या दिवशी फेटा बांधण्याऐवजी रोज संध्याकाळी तालमीत मानाने बसवावे. त्यांच्या डोक्यातले डाव कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत.

प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले होते. आपल्याकडे कुणी तेवढे मागत नाही. रोजचे एक शेर दूध मागत आहे. पुढच्या जत्रेत निवेदक जेव्हा तिसऱ्या पिढीचे नाव पुकारील, तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, या पोराच्या अंगातल्या बळात माझा वाटा किती?