सहकाराच्या दारावर जातीचा पहारा

चकलांब्याच्या शिवारांतला पोरगा पुण्या-मुंबईस नोकरीला लागला, चार पैसे गांठीस जमले, कीं बाप म्हणतो, "दोन खोल्या घेऊन टाक." जुन्या सहकारी इमारतींतली जागा पसंत पडते, भाव ठरतो, आणि मग कमिटीचे शेटजी चष्म्यावरून विचारतात, "आडनांव काय? घरांत मटण-मासळी होते काय?" पैशाची जात कोणी विचारीत नाहीं, माणसाची मात्र विचारतात!

सहकाराचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला, तो सावकाराच्या पाशांत सांपडलेल्या शेतकऱ्यास रास्त कर्ज मिळावें म्हणून. १९१२ च्या कायद्यानें इतर कामांसही वाट मोकळी झाली, आणि १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं ज्ञातीची घरबांधणी संस्था उभारली. एकी करून घरें बांधलीं, हें शहाणपण आपणही शिकावें. पण सहकाराच्या पाटीखालीं ज्ञातीचें कुलूप बसलें, तें अजून निघालें नाहीं. २००५ सालीं सुप्रीम कोर्टानें अमदाबादच्या एका संस्थेचा, पारशांनाच सभासद करण्याचा पोटनियम वैध ठरविला.

परंतु म्हणून हरएक कमिटीस सोंवळें पाळण्याची सनद मिळाली काय? तो झगडा लेखी, नोंदलेल्या पोटनियमाचा होता. चेअरमनच्या लहरीचा नव्हे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसास सभासदत्व नाकारूं नये, असें महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यानेंच लिहून ठेवलें. तेव्हां पोटनियमांची प्रत मागा. नकार लेखी मागा. निबंधकाकडे दाद मागा. तोंडी नकार ऐकून मुकाट्यानें परत फिरणें, म्हणजे आपल्या हातानें हक्क सोडणें होय.

दुसरें संकट कागदांचें. शेत घेतांना आपण आधीं सातबारा पाहतों. मग लाखांची खोली घेतांना डोळे कां मिटतों? विकणाऱ्याच्या नांवाचा भागदाखला, नोंदलेलें खरेदीखत आणि थकबाकी पाहावीच. पण इमारतीखालची जमीन कोणाच्या नांवावर आहे, हेंही विचारावें. बिल्डरानें जमीन संस्थेच्या नांवें करून द्यावी, असें १९६३ च्या कायद्यानें बजावलें. तरी पुष्कळांनीं ती दाबून ठेविली, म्हणून २००८ सालीं मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. जमीन संस्थेची नसेल, तर इमारत पाडून नवी बांधतांना खरी रड सुरू होते.

आतां एक कडू घोट. शहराच्या फाटकावर जात विचारली, कीं आपल्या अंगाची आग होते. मग गांवांत वेशीबाहेरच्या भावाला गांवठाणांत घर कोण घेऊं देत नाहीं? भटजी-शेटजी तर तेथें आडवे येत नाहींत! ऊंसतोडीच्या फडावर शेजारीं शेजारीं कोपी घालणारे हात गांवीं परततांच निराळे कां होतात? बांधवांनो, पुण्याचें फाटक उघडायचें असेल, तर आपल्या वेशीचेंही कुलूप काढा.